लिस्बन ते हेलसिंकी: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ स्वतः कसा काढायचा

लिस्बनहून सकाळी १०:०० ला निघणारे विमान हेलसिंकीला दुपारी ४:३५ ला पोचते, असे वेळापत्रक समोर धरा. परतीचे विमान हेलसिंकीहून संध्याकाळी ५:३० ला निघून रात्री ८:३५ ला लिस्बनला उतरते. घड्याळ पाहून वजाबाकी केली तर जाताना साडेसहा तासांहून जास्त आणि येताना जेमतेम तीन तास. रस्ता तोच, विमानही बहुधा त्याच जातीचे. युरोपात नव्याने राहायला आलेले अनेक जण इथेच गोंधळतात आणि पुढची गाडी, हॉटेल किंवा जोडविमान चुकीच्या वेळेचे धरतात.

खरे उत्तर असे: जाताना सुमारे ४ तास ३५ मिनिटे, येताना सुमारे ५ तास ५ मिनिटे. म्हणजे घड्याळ सांगते त्याच्या नेमके उलट. परतीचा प्रवास जास्त लांबतो. हे आकडे कुठून आले ते खाली टप्प्याटप्प्याने दिले आहे. उदाहरण लिस्बन–हेलसिंकीचे घेतले आहे, कारण युरोपच्या नैर्ऋत्य टोकापासून ईशान्येपर्यंत जाणाऱ्या या मार्गावर नकाशाचा फसवेपणा, वारा आणि प्रमाणवेळ या तिन्ही गोष्टी एकदम भेटतात. एकदा हा मार्ग हाताने सोडवला की युरोपातली कोणतीही जोडी पाच मिनिटांत सुटते.

आधी विमानतळ पक्का करा

अंतर शहराचे नसते, विमानतळाचे असते. इथे अडचण नाही: लिस्बनला उंबेर्तू देल्गादू विमानतळ, संकेत एलआयएस, हेलसिंकीला शेजारच्या वांता शहरातला विमानतळ, संकेत एचईएल. दोन्हीकडे नियमित प्रवासी विमानांसाठी एकच विमानतळ.

पण दुसरी जोडी घ्याल तेव्हा तिकिटावरचा तीन अक्षरी संकेत वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. पॅरिसच्या नावाने शार्ल द गोल, ऑर्ली आणि बोव्हे असे तीन विमानतळ विकले जातात आणि बोव्हे शहरापासून रस्त्याने सुमारे ८५ किलोमीटर आहे. मिलानला माल्पेन्सा, लिनाते आणि बेर्गामो. फ्रँकफुर्ट हान हे नाव वाचून फ्रँकफुर्टला उतरू असे वाटते, प्रत्यक्षात ते तिथून १०० किलोमीटरहून लांब आहे. लंडनचे तर सहा. हवेतले अंतर या फरकाने फार बदलत नाही; जमिनीवरचे दोन तास मात्र इथेच हरवतात.

अक्षांश-रेखांश: दोन ठिकाणी सगळे चुकतात

लिस्बन विमानतळ ३८.७७४ अंश उत्तर, ९.१३४ अंश पश्चिम. हेलसिंकी विमानतळ ६०.३१७ अंश उत्तर, २४.९६३ अंश पूर्व.

पहिली चूक: अंश-मिनिटे आणि दशांश अंश यांची गल्लत. लिस्बनचा अक्षांश ३८ अंश ४६ मिनिटे असा लिहिलेला सापडेल. त्याचा अर्थ ३८.४६ नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचे: ४६ ÷ ६० = ०.७७, म्हणून ३८.७७. ही चूक केली तर लिस्बन साधारण ३५ किलोमीटर दक्षिणेला सरकते.

दुसरी चूक जास्त महागात पडते. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह लावायचे असते. लिस्बन, पोर्टो, माद्रिद, डब्लिन, एडिनबरा, लंडनचा हीथ्रो हे सगळे ग्रीनिचच्या पश्चिमेला आहेत. उणे ९.१३४ ऐवजी नुसते ९.१३४ भरले की लिस्बन उचलून सार्डिनिया बेटाच्या दक्षिणेला भूमध्य समुद्रात जाऊन पडते आणि अंतर ३,३६५ ऐवजी सुमारे २,६४० किलोमीटर निघते. सव्वासातशे किलोमीटरची तफावत. उत्तर अजिबात वेडेवाकडे दिसत नाही, खरे वाटते, आणि म्हणूनच ही चूक पकडली जात नाही.

अंतर काढणे

पृथ्वीवरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा रस्ता बृहद्वृत्तावरून जातो. बृहद्वृत्त म्हणजे गोलाच्या केंद्रातून आरपार काप घेतला तर पृष्ठभागावर उमटेल ते वर्तुळ. संत्र्याच्या बरोबर मधोमध सुरी चालवली की सालीवर जी कडा दिसते, ती. हवाई अंतर म्हणून जो आकडा छापतात तो याच वर्तुळावरच्या कमानीचा.

मोबाइलमधला शास्त्रीय कॅल्क्युलेटर पुरतो. तो अंशांवर ठेवा. रेडियनवर राहिला तर उत्तर काहीही येते, आणि बहुतेक स्प्रेडशीट रेडियनच मागतात, म्हणून तिथे अंशांचे रेडियन करून मगच साइन-कोसाइन घ्या. सूत्र असे:

अंतराच्या कोनाचा कोसाइन = (साइन अ१ × साइन अ२) + (कोसाइन अ१ × कोसाइन अ२ × कोसाइन र)

अ१ आणि अ२ हे दोन अक्षांश, र हा रेखांशांतला फरक. एक रेखांश पश्चिम आणि दुसरा पूर्व असल्याने इथे बेरीज होते: ९.१३४ + २४.९६३ = ३४.०९७ अंश.

१. साइन ३८.७७४ = ०.६२६२५ आणि साइन ६०.३१७ = ०.८६८७८. गुणाकार ०.५४४०७.

२. कोसाइन ३८.७७४ = ०.७७९६२, कोसाइन ६०.३१७ = ०.४९५२०, कोसाइन ३४.०९७ = ०.८२८०९. तिघांचा गुणाकार ०.३१९७०.

३. बेरीज ०.८६३७७. याचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) घेतला की कोन मिळतो: ३०.२६ अंश.

४. बृहद्वृत्तावर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. ३०.२६ × १११.२ = सुमारे ३,३६५ किलोमीटर.

दशांशानंतरची पाच स्थाने शेवटपर्यंत जपा. मध्येच तीन स्थानांवर आणले तर पाच-दहा किलोमीटर इकडेतिकडे होतात. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे, त्यामुळे नेमक्या आकारावरून केलेल्या गणितात थोड्या किलोमीटरचा फरक पडतो. दोन संकेतस्थळांवर ३,३६१ आणि ३,३६८ असे वेगळे आकडे दिसले तर त्याचे कारण हेच. दोन्ही बरोबर माना. विमान ११ किलोमीटर उंचीवरून उडते म्हणून वर्तुळ मोठे होते, तेही इथे सहाच किलोमीटर.

एककांचा गोंधळ मात्र टाळायलाच हवा. ३,३६५ किलोमीटर म्हणजे सुमारे २,०९० साधे मैल आणि १,८१७ सागरी मैल. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ चा. वैमानिक आणि हवाई नियंत्रक सागरी मैलांत बोलतात, विमानाचा वेग नॉटमध्ये म्हणजे ताशी सागरी मैलांत मोजतात. विमान कंपन्यांच्या नियमित प्रवाशांसाठीच्या बक्षीस योजनांत अंतर सहसा साध्या मैलांत मोजतात. नुसते ‘मैल’ दिसले की कोणते ते आधी पाहा.

नकाशावर पट्टी का ठेवू नये

फोनवरच्या नेहमीच्या नकाशावर लिस्बन आणि हेलसिंकी सरळ रेषेने जोडले तर ती रेषा सतत उत्तरेपासून ४५ अंशांच्या दिशेने, बरोबर ईशान्येला जाते. त्या रेषेवरून उडाले तर ३,३९४ किलोमीटर पडतात. खरा जवळचा रस्ता लिस्बनहून ३३ अंशांवर, म्हणजे बराच उत्तरेकडे तोंड करून निघतो आणि हेलसिंकीत शिरताना ६० अंशांवर, पूर्वेकडे कललेला असतो. सबंध वाटभर तो हळूहळू उजवीकडे वळतो. वाचतात सुमारे ३० किलोमीटर, एक टक्काही नाही. युरोपातल्या युरोपात हा फरक किरकोळ. युरोप ते अमेरिका मोजाल तेव्हा तो शेकड्यांत जातो.

नकाशावरचे सेंटिमीटर मोजून किलोमीटर काढणे मात्र इथेही पूर्ण चुकते. हा नकाशा ध्रुवाकडे जाताना सगळे ताणत नेतो. लिस्बनजवळ ताण १.२८ पट, हेलसिंकीजवळ दोन पट. एकच पट्टी दोन्ही टोकांना लावता येत नाही.

बृहद्वृत्त नेमके कुठून जाते हे पाहण्यासारखे आहे. लिस्बनहून निघून ते उत्तर स्पेनचा किनारा ओलांडते, बिस्केचा उपसागर पार करते, फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन पॅरिसच्या थोडे पश्चिमेकडून वर सरकते. मार्गाचा बरोबर मध्यबिंदू ५०.७५ अंश उत्तर, ४ अंश पूर्व इथे पडतो: ब्रसेल्सच्या अगदी लगत. पुढे नेदरलँड्स, उत्तर जर्मनी, डेन्मार्क, स्वीडनचा दक्षिण भाग, बाल्टिक समुद्र आणि फिनलंड. समोरच्या पडद्यावरचा नकाशा पाहत बसायची सवय असेल तर ब्रसेल्स आले की अर्धी वाट सरली असे समजा.

विमान त्या रेषेवर उडत नाही

३,३६५ हा किमान आकडा. प्रत्यक्षात विमान त्याहून थोडे जास्तच उडते. धावपट्टीची दिशा वाऱ्यावर ठरते, त्यामुळे उठल्यावर आणि उतरण्याआधी वळसे येतात. वाटेत लष्करी सरावाची क्षेत्रे, वादळी ढग आणि गर्दीचे हवाई पट्टे टाळावे लागतात. युरोपातल्या नेहमीच्या मार्गासाठी तीन ते पाच टक्के वाढ धरली की अंदाज चांगला बसतो. आपण चार टक्के धरू: ३,३६५ चे ३,५०० किलोमीटर.

काही जोड्यांना हा नियम लागू पडत नाही, आणि तिथे अंतर दाखवणारी संकेतस्थळे सरळ दिशाभूल करतात. हेलसिंकी–इस्तंबूल घ्या. बृहद्वृत्ताने ते सुमारे २,१३० किलोमीटर, पण ती रेषा बेलारूस आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे आणि युरोपीय कंपन्या २०२१ पासूनच बेलारूस टाळतात. विमानांना पोलंडकडून वळून रुमानियावरून जावे लागते. म्हणून फिनलंड, बाल्टिक देश, पोलंड यांच्यापासून काळ्या समुद्राकडे जाणारी जोडी असेल तर आधी रेषा कोणत्या देशांवरून जाते ते पाहा. लिस्बन–हेलसिंकीच्या वाटेवर असे काही नाही.

आता वेळ

वेळेचे तीन वेगवेगळे आकडे असतात आणि ते एकमेकांत मिसळले की सगळे गणित बिघडते. चाके धावपट्टीवरून उचलली ते पुन्हा टेकली, हा हवेतला वेळ. विमान गेटवरून मागे सरकले ते दुसऱ्या गेटवर थांबले, हा गेट ते गेट वेळ. वेळापत्रकात आणि तिकिटावर हाच असतो. तिसरा, घराच्या दारापासून दारापर्यंतचा.

या मार्गावर सहसा एअरबस ३२० च्या कुटुंबातली किंवा तेवढ्याच आकाराची विमाने असतात. वर उंचीवर पोचल्यावर त्यांचा स्थिर वेग ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.७८ पट. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किलोमीटर. म्हणजे विमानाचा वेग ताशी ८२८ किलोमीटर. हा वेग हवेच्या तुलनेत आहे. जमिनीच्या तुलनेत किती, हे वारा ठरवतो.

युरोपावर त्या उंचीला वारे बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. आपला मार्ग सरासरी ईशान्येला जातो, वारा पूर्वेला. दोहोंत साधारण ४५ अंशांचा कोन. म्हणून वाऱ्याचा सुमारे ०.७ भागच पाठीला लागतो. ताशी ७० किलोमीटरचा वारा असेल तर फायदा ५० चा. तोच येताना तोंडावर बसतो.

जाताना: ३,५०० ÷ ८७८ = ३ तास ५९ मिनिटे. चढताना आणि उतरताना विमान हळू असते (दहा हजार फुटांखाली साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, ही मर्यादा असते), त्यासाठी १२ मिनिटे. हवेतला वेळ ४ तास ११ मिनिटे. लिस्बनला गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगेसह १५ आणि हेलसिंकीला उतरून गेटपर्यंत ९, अशी २४ मिनिटे मिळवा: ४ तास ३५ मिनिटे.

येताना: ३,५०० ÷ ७७८ = ४ तास ३० मिनिटे. १२ आणि २४ मिळवून ५ तास ६ मिनिटे. वेळापत्रकासाठी ५ तास ५.

हिवाळ्यात जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, जोरात असतो. एखाद्या दिवशी वारा ताशी १५० किलोमीटर झाला तर जाणे ४ तास २१ मिनिटांवर येते आणि परतणे ५ तास २६ मिनिटांवर जाते. एकाच आठवड्यात जाण्या-येण्यात तासाभराचा फरक पडू शकतो आणि त्यात कुणाचीही चूक नसते. म्हणूनच हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना पुढे जोडविमान असेल तर मधला वेळ जरा सैल ठेवावा असे आम्ही आग्रहाने सांगतो.

‘उड्डाणाचा वेळ’ म्हणून अंतराला ताशी ८०० किंवा ९०० ने भागून एकच आकडा देणारी बरीच संकेतस्थळे आहेत. त्यात दिशा नाही, चढ-उतार नाही, जमिनीवरचा वेळ नाही. ३,३६५ ला ९०० ने भागले की पावणेचार तास येतात. या भरवशावर कुणी हेलसिंकीहून पुढची बोट किंवा रेल्वे धरू नये.

कागद-पेन नसेल तेव्हा एक ठोकताळा कामी येतो: दर ८०० किलोमीटरला एक तास, आणि वर सरसकट ४० मिनिटे. उत्तर गेट ते गेट वेळेचे असते. लिस्बन–माद्रिद ५१३ किलोमीटर: ३८ + ४० = १ तास १८ मिनिटे. पॅरिस शार्ल द गोल–लिस्बन १,४७० किलोमीटर: अडीच तास. लिस्बन–फ्रँकफुर्ट १,८७४: तीन तास. लिस्बन–हेलसिंकी: ४ तास ५२ मिनिटे, म्हणजे जाणे आणि येणे यांच्या जवळजवळ मध्ये. पूर्वेकडे जाताना यातून थोडे वजा करा, पश्चिमेकडे जाताना तेवढेच मिळवा. तीन हजार किलोमीटरच्या आसपास १५ मिनिटे, हजाराच्या आसपास पाच. उत्तर-दक्षिण मार्गाला तसेच राहू द्या. पंख्यांच्या टर्बोप्रॉप विमानांना हा ठोकताळा लावू नका, ती ताशी ५०० किलोमीटरच्या आसपासच जातात.

तिकिटावरचे घड्याळ वाचणे

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते. निघण्याची वेळ निघण्याच्या गावची, पोचण्याची पोचण्याच्या गावची. याला अपवाद नाही.

पोर्तुगालची मुख्य भूमी हिवाळ्यात यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालते, फिनलंड दोन तास पुढे. उन्हाळ्यात दोघेही एक तास पुढे सरकतात, तेही एकाच क्षणी: मार्चच्या शेवटच्या रविवारी यूटीसीनुसार रात्री १ वाजता पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्याच वेळी मागे. म्हणून या दोन शहरांतला फरक वर्षभर दोन तासच राहतो.

पूर्वेकडे जाताना घड्याळातल्या फरकातून दोन तास वजा: १०:०० ते ४:३५ म्हणजे ६ तास ३५, वजा २, उरले ४ तास ३५. पश्चिमेकडे येताना मिळवायचे: ५:३० ते ८:३५ म्हणजे ३ तास ५, अधिक २, झाले ५ तास ५. सुरुवातीचे कोडे इतकेच.

खबरदारी हवी ती वेगळ्या जोड्यांना. स्पेन पोर्तुगालच्या शेजारी असून एक तास पुढे आहे. लिस्बन–माद्रिद तिकिटावर घड्याळ २ तास १८ मिनिटे दाखवते आणि परतीत अवघी १८. तुर्कस्तानने २०१६ पासून घड्याळे बदलणे सोडले, म्हणून हेलसिंकी आणि इस्तंबूल उन्हाळ्यात एकाच वेळेवर असतात आणि हिवाळ्यात एक तासाचा फरक पडतो. आइसलँडही घड्याळ हलवत नाही. अझोरेस बेटे पोर्तुगालचीच, पण लिस्बनहून एक तास मागे.

पोचण्याच्या वेळेजवळ ‘+१’ दिसला तर विमान दुसऱ्या तारखेला पोचते. लिस्बनहून रात्री १० ला निघालात तर हेलसिंकीत पहाटे ४:३५ वाजलेले असतात, आणि हॉटेलची खोली आदल्या रात्रीपासून धरायची की दुपारी मिळेपर्यंत ताटकळायचे हे आधीच ठरवावे लागते.

पुण्या-नाशिकला उतरल्याचा फोन करायचा असेल तर हिशेब असा: भारत हेलसिंकीच्या हिवाळ्यात साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच तास पुढे, लिस्बनच्या हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. लिस्बनला रात्री ८:३५ ला उतरलात तर घरी हिवाळ्यात पहाटेचे दोन वाजून गेलेले असतात. आईवडील जागे राहणार असतील तर हे त्यांना निघण्यापूर्वीच सांगा.

थेट की मध्ये थांबून

लिस्बन–फ्रँकफुर्ट १,८७४ आणि फ्रँकफुर्ट–हेलसिंकी १,५३८, एकूण ३,४१२ किलोमीटर. थेट मार्गाहून पन्नासही किलोमीटर जास्त नाहीत, इतके फ्रँकफुर्ट वाटेवर आहे. वेळ मात्र ठोकताळ्याने ३ तास आणि २ तास ३५ मिनिटे. त्यात थांब्याचा किमान पाऊण तास धरला तरी सव्वासहा तासांच्या पुढे जातो. अंतर वाढत नाही, वाढतात ती दुसऱ्यांदाची चाळीस मिनिटे आणि थांबा. पाऊण तासाची जोडणी तिकिटावर विकली जाते म्हणून ती आरामाची असते असे नाही. दीड तास ठेवा. दोन भाग दोन वेगळ्या तिकिटांवर घेतले असतील तर पहिले विमान उशिरा आल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कुणीच घेत नाही, म्हणून तिथे तीन तासांहून कमी वेळ ठेवू नका.

दारापासून दारापर्यंत

लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे. मेट्रोची लाल मार्गिका थेट तिथे जाते. मेट्रो सकाळी ६:३० ते रात्री १ पर्यंत चालते, म्हणून पहाटेच्या विमानासाठी टॅक्सी धरावी लागते. टर्मिनल दोनवरून काही स्वस्त कंपन्यांची विमाने निघतात आणि तिथे टर्मिनल एकहून बसने जावे लागते. त्यासाठी १५-२० मिनिटे वेगळी ठेवा.

हेलसिंकीला विमानतळाखालीच रेल्वे स्थानक आहे. आय आणि पी या दोन्ही गाड्या वर्तुळाकार मार्गाने मध्यवर्ती स्थानकात जातात आणि अर्ध्या तासाच्या आसपास घेतात, तेव्हा जी आधी येईल ती पकडा. तिकीट मात्र ए, बी, सी अशा तिन्ही विभागांचे लागते. शहरातले साधे दोन विभागांचे तिकीट इथे चालत नाही आणि तपासनीस दंड करतात.

दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांत सीमातपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्याने मध्ये पासपोर्ट तपासणीची रांग नसते. तरीही भारतीय पासपोर्ट आणि निवास परवान्याचे कार्ड दोन्ही हातातल्या पिशवीत असू द्या. विमान कंपनी ओळखपत्र मागू शकते आणि अधूनमधून अचानक तपासणी होते. लंडन किंवा डब्लिनच्या जोडीला पासपोर्टची रांग आलीच, तिथे अर्धा ते एक तास आणखी धरा.

बेरीज करू. घरातून विमानतळ ३० मिनिटे, विमान सुटण्याआधी दोन तास, गेट ते गेट ४ तास ३५, विमानातून बाहेर पडायला १५, सामान यायला २५, गाडीची वाट आणि प्रवास मिळून ४०. एकूण साधारण साडेआठ तास, वर घड्याळाचे दोन पुढे. सकाळी १० च्या विमानासाठी साडेसातला घर सोडलेत तर हेलसिंकीत मुक्कामी पोचेपर्यंत संध्याकाळचे सहा वाजतात. त्या दिवशी दुसरे काही महत्त्वाचे ठेवू नका.

उशीर कुठे होतो

लिस्बनला एकाच धावपट्टीवर सगळी वाहतूक चालते, म्हणून सकाळच्या गर्दीत निघायला रांग आणि उतरायला आकाशात घिरट्या, दोन्ही घडतात. हेलसिंकीला तीन धावपट्ट्या आहेत, तिथली अडचण वेगळी: हिवाळ्यात निघण्यापूर्वी पंखांवरचे बर्फ रसायन फवारून काढतात. त्यात दहा ते तीस मिनिटे जातात आणि ती वेळापत्रकात धरलेली असतीलच असे नाही. पंखावर बर्फाचा पातळ थर असला तरी उचल कमी होते. त्या फवारणीची घाई कुणी करू नये.

तिसरे कारण खिडकीतून दिसत नाही. दार बंद, सामान चढलेले, आकाश निरभ्र, आणि तरी विमान गेटवर उभे. वाटेतल्या कुठल्या तरी हवाई विभागात गर्दी असली की युरोकंट्रोल या युरोपीय हवाई वाहतूक संस्थेच्या ब्रसेल्समधल्या केंद्रातून विमानाला उड्डाणाची ठरावीक वेळ दिली जाते. त्या वेळेच्या पाच मिनिटे आधी ते दहा मिनिटे नंतर एवढ्याच खिडकीत उठता येते, ती चुकली तर नवी वेळ मागावी लागते. म्हणून बोर्डिंगला उशिरा येणाऱ्या एका प्रवाशामुळे दहा नव्हे, चाळीस मिनिटे जाऊ शकतात.

अंतराचा आकडा पैशांत

युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम उशिराची भरपाई हवाई अंतरावर ठरवतो, आणि तेही बृहद्वृत्ताच्या अंतरावर. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो. त्याहून लांब पण संघाच्या आतल्या उड्डाणाला ४०० युरो. संघाबाहेर जाणाऱ्या उड्डाणांना ३,५०० किलोमीटरपर्यंत ४०० आणि त्यापुढे ६०० युरो, ज्यात काही वेळा कपात होते. न्यायालयाच्या निर्णयांनुसार, उशीर झाला तरी शेवटच्या मुक्कामी तीन तास किंवा जास्त उशिरा पोचल्यास भरपाई मिळते. वादळ किंवा हवाई नियंत्रकांचा संप अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे वगळून.

लिस्बन–हेलसिंकी ३,३६५, म्हणून ४०० युरो. पॅरिस–लिस्बन १,४७०, म्हणून २५०; तीस किलोमीटरने पायरी चुकते. विमान प्रत्यक्षात वळसा घालून १,५५० उडाले असले तरी धरायचे १,४७० च. एका तिकिटावर फ्रँकफुर्टमार्गे गेलात तरी अंतर लिस्बन ते हेलसिंकी थेटच मोजतात, दोन तुकड्यांची बेरीज नाही.

पोचण्याची वेळ म्हणजे चाके टेकली तो क्षण नव्हे. प्रवाशांना बाहेर पडता यावे म्हणून विमानाचा निदान एक दरवाजा उघडला, तो क्षण. दोन तास पंचावन्न मिनिटे उशिराने उतरलेले विमान गेटपर्यंत जाऊन दरवाजा उघडेतो तीन तास ओलांडू शकते. दरवाजा उघडताना फोनवर वेळ पाहा, स्क्रीनचे छायाचित्र घ्या आणि बोर्डिंग पास फेकू नका. थांबून राहावे लागले तर खाणे-पिणे देण्याची जबाबदारीही अंतरावर ठरते: १,५०० किलोमीटरपर्यंत दोन तासांच्या उशिरानंतर, संघाच्या आतल्या लांब उड्डाणाला तीन तासांनंतर. ते आपणहून दिले गेले नाही तर काउंटरवर जाऊन मागा, आणि स्वतः खर्च केला असेल तर पावत्या जपून ठेवा.